मुका मार

हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की कोल्हापुरात लगेच दोन तट पडतात. गंमत म्हणजे दोन्ही तट कवटीबद्दल भांडतात, मेंदूचं नाव कुणी काढत नाही. परवा आमच्या पेठेतल्या मंडळाच्या हॉलमध्ये यावरच बैठक होती. सक्तीवाल्यांनी फुटलेल्या कलिंगडाचं पोस्टर आणलं होतं. समोरून एक काका उठले आणि म्हणाले, "चाळीस वर्षं गाडी मारतोय. गंगावेशीतनं राजारामपुरीला जायला काटा तिसाच्या वर जात न्हाई. डोस्कं माझं, गाडी माझी, तुमचं काय जातंय?" हॉलनं टाळ्या वाजवल्या. टोल घालवणारं गाव आहे हे; 'सक्ती' शब्द कानावर पडला की बाह्या आपोआप वर सरकतात. पुणेकर आणि कोल्हापूरकरांचं एकमत होईल असे विषय फार नाहीत, त्यातला हा एक. दीड तास खड्डे, दंड, पावती, मानदुखी, गळणारे केस असं सगळं निघालं. पैलवानांच्या गावात दीड किलोच्या हेल्मेटनं मान दुखते म्हणून तक्रार व्हावी, हे तेवढं मला झेपलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हेल्मेट सक्तीचं असावं, हमरस्त्यावर आणि गल्लीतही, पुढच्याला आणि मागे बसलेल्यालाही. पण ते 'डोकं फुटू नये' एवढ्यासाठी घालायचं असं सांगितलं जातं, तिथंच वाद फसतो. डोकं न फुटताही मेंदू कामातून जातो, आणि तो जातो तोही एका क्षणात नाही, पुढच्या काही तासांत आणि दिवसांत. हे ज्याला कळलं तो हेल्मेटला विरोध करणार नाही. आणि हे ज्या सरकारला कळलं ते नुसत्या हेल्मेटवर थांबणार नाही.

माझा एक मामा करवीर तालुक्यात गुळव्या होता. गुऱ्हाळघरात कायलीतला रस कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. क्षणभर आधी उतरवला तर रवा धरत नाही, क्षणभर उशीर झाला तर गूळ काळा पडतो. पाण्यात गोळी करून बघतात, फेसाचा रंग बघतात, पण मामा म्हणायचा की खरं नाकच सांगतं. चार वर्षांपूर्वी गुऱ्हाळाच्या वळणावर पडलेल्या चिपाडावरून त्याच्या मोपेडचं चाक घसरलं. वेग असेल चालत्या माणसाला मागं टाकण्याइतका. तो उताणा पडला, डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटली. उठला, कपडे झटकले, चहा प्याला. "रगत न्हाई, टेंगूळ तेवढं आलंय." गावातल्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, मुका मार आहे, उतरेल. दोन आठवड्यांनी मामानं एक आधण करपवलं. कायलीतून जळका वास सगळ्या शिवारात सुटला होता, आणि मामा शेजारी उभा राहून चुलवाण्याला आणखी जाळ घालायला सांगत होता. त्याला वास येतच नव्हता. पुढं सहा महिन्यांत आणखी गोष्टी दिसल्या. गुळाच्या रव्यांचा, म्हणजे ढेपांचा, हिशेब चुकायला लागला. ज्या माणसाचा आवाज कधी ऐकला नाही तो भाजीत मीठ कमी म्हणून ताट फेकायला लागला.

मार मागं आणि बिघाड पुढं, हे कसं? शहरातल्या डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं. मेंदू हा नीट न जमलेल्या खरवसासारखा मऊ असतो. वजन तेराशे ते चौदाशे ग्रॅम, पण भोवतीच्या पाण्यात तो तरंगत असतो, म्हणून त्याचा भार जेमतेम पन्नास ग्रॅमइतका उरतो. डबा आपटला की डबा थांबतो, खरवस थांबत नाही. मामाचा मेंदू कवटीत हेलकावला आणि पुढच्या बाजूनं घासला. कवटीचा तळ तिथं गुळगुळीत नाही, टाकी लावलेल्या पाट्यासारखा खरबरीत आहे. वासाचे बारीक तंतू तिथल्याच चाळणीसारख्या हाडातून नाकात उतरतात, ते तुटले. राग आवरणारा, हिशेब धरणारा भागही तिथलाच, तो खरचटला. बाहेर रक्ताचा थेंब नाही. घरातली मंडळी अजून म्हणतात, "वाचला, नशीब." २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ५०,०२९ हेल्मेट नसलेली दुचाकीस्वार आणि मागे बसलेली. मामा यात कुठं बसतो? कुठंच नाही. तो मेला नाही, म्हणून कुठल्या पोस्टरवरही येत नाही. सक्तीवाल्यांनी मेलेल्यांचे आकडे दाखवायचे आणि विरोधकांनी 'आम्ही तर जिवंत आहोत' म्हणायचं, या दोन वाक्यांच्या मधोमध माझा मामा राहतो.

हेलकाव्याची ही गोष्ट काही कालची नाही. १९४३ साली ऑक्सफर्डमध्ये होल्बोर्न नावाच्या पदार्थविज्ञानाच्या माणसानं कवटीच्या आकारात जिलेटिन भरून ती फिरवून पाहिली आणि दाखवलं की मेंदूचं नुकसान सरळ ठोक्यापेक्षा गरकन फिरण्यानं जास्त होतं. मऊ पदार्थाचे थर एकमेकांवरून सरकतात. त्या थरांमधून जाणारे पेशींचे लांब धागे ताणले जातात. १९५६ साली सबिना स्ट्रिच यांनी अपघातानंतर पुरतं भानावर न आलेल्या रुग्णांच्या मेंदूत असे विस्कटलेले धागे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांच्या कवट्या धड होत्या. हे नुकसान पुष्कळदा सिटी स्कॅनमध्येही दिसत नाही. आणि ताणलेला धागा तिथल्या तिथं तुटतोच असं नाही. त्याच्या आतली ने-आण अडते, तो फुगतो, आणि काही तासांनी, कधी दिवसांनी तुटतो. म्हणजे माणूस चहा पीत असतो तेव्हा आत काम चालू असतं.

आपल्याकडं एक समज घट्ट आहे: रक्त बाहेर आलं ते बरं, आत साकळलं असतं तर भारी पडलं असतं. अर्धं खरं आहे. आत साकळलेलं भारी पडतंच. पण बाहेर आलं म्हणजे आत नाही, हे कुणी सांगितलं? कवटी हा बंद डबा आहे. मेंदू, रक्त आणि पाणी एवढीच तिथं मावतात. एक वाढलं की दुसऱ्यानं जागा सोडायची. एडिनबर्गच्या मन्रोनं हे १७८३ साली आणि केलीनं १८२४ साली मांडून ठेवलंय. कानशिलापाशी हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या अंगाला चिकटून एक धमनी जाते. ती फाटली की रक्त साठायला तासभर, दोन तास लागतात, आणि तोवर माणूस बोलतो, हसतो. ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च २००९ मध्ये कॅनडात बर्फावर घसरण्याचा खेळ शिकताना सोप्या उतारावर पडली. हेल्मेट नव्हतं. हसत उठली, आलेली रुग्णवाहिका परत पाठवली. काही तासांत डोकं ठणकायला लागलं आणि दोन दिवसांत ती गेली. आपल्याकडं हीच गोष्ट "बोलत होता की हो चांगला, जरा पडतो म्हणाला" या वाक्यात सांगितली जाते. "झोपू दे त्याला, दमलाय" हे त्याच्या आधीचं वाक्य.

आता काकांकडं वळू. त्यांचे मुद्दे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. गावात वेग कमी असतो, हे खरं. पण इथं घातक वेग गाडीचा नसून जमिनीकडं येणाऱ्या डोक्याचा असतो. दीड मीटर उंचीवरून डोकं खाली आलं की त्याचा वेग ताशी एकोणीस किलोमीटरच्या आसपास होतो. गाडी उभी असली तरीही. समजा डांबरावर ते दोन मिलिमीटरमध्ये थांबलं, तर झटका गुरुत्वाकर्षणाच्या साडेसातशे पट. हेल्मेटमधला थर्माकोल चेपत ते पंचवीस मिलिमीटरमध्ये थांबलं, तर साठ पट. हिशेब शाळेतला आहे: उंची भागिले थांबण्याचं अंतर. आणि हा हिशेब कोल्हापूरला मी काय शिकवणार? कुठल्याही तालमीत पहाटे जाऊन बघा. जोर-बैठकांच्या आधी पोरं खोरं घेऊन हौदा उकरत असतात. काव, ताक, तेल, लिंबू, हळद घालून पोसलेली लाल माती रोज उलटीपालटी करून भुसभुशीत करायची, मग लढत धरायची. वस्ताद न उकरलेल्या मातीवर पोराला ढाक मारू देत नाही. का? पडणारा पैलवान नव्वद किलोचा, मान बैलासारखी, तरी माती मऊ हवी. चार बोटं भुसभुशीत मातीनं जे होतं तेच इंचभर थर्माकोलनं होतं. हौद्यात उतरताना ज्यांना हे कळतं, त्यांनाच तालमीच्या दारात किक मारताना ते कसं आठवत नाही, हे मला खरंच कळत नाही.

खड्डे आधी बुजवा, मग हेल्मेट. ही मागणी अर्धी बरोबर आहे, आणि ती लावून धरलीच पाहिजे. पण खड्डा आहे म्हणून हेल्मेट नको, हा तर्क छप्पर गळतंय म्हणून छत्री नको म्हणण्यासारखा झाला. हेल्मेट घालूनही माणसं जातात, हेही खरं. मोटारशर्यतींचा जगज्जेता मायकेल शूमाकर डिसेंबर २०१३ मध्ये आल्प्समध्ये पडला तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तरी मेंदूला जबर इजा झालीच. गरकन फिरण्याचा जोर हेल्मेट पूर्ण शोषू शकत नाही, होल्बोर्नचं जिलेटिन तेच सांगतं. पण 'पूर्ण नाही' म्हणजे 'काहीच नाही' नव्हे. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली निघाला, त्यात दुचाकीस्वाराच्या डोक्याच्या दुखापतीचा धोका हेल्मेटनं सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. अर्थात हे खऱ्या हेल्मेटचं. जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकणं हा गुन्हा आहे. तरी रस्त्याकडेला दोरीवर टांगलेल्या वाडग्यांना आपण हेल्मेट म्हणतो, ती पावतीपुरती, आणि पट्टा न लावता.

'डोकं माझं' हा मुद्दा सगळ्यात जोरकस आणि तसा सगळ्यात पोकळ. मामाचं डोकं मामाचंच होतं. पण ताट उचलायला मामी वाकते, गुऱ्हाळाचा हिशेब धाकटा बघतो, आणि थोरल्यानं पुण्यातली नोकरी सोडली. हाडं जुळतात, कातडी भरून येते, यकृतसुद्धा पुन्हा वाढतं. मेंदूच्या मेलेल्या पेशींच्या जागी कामाच्या नव्या पेशी जवळपास येतच नाहीत. उरलेल्यांनी ते काम उचलायला शिकायचं, एवढंच हातात राहतं. ते शिकवायला घरातलं कुणी ना कुणी अडकतं.

राहिला सक्तीचा राग. तोही मला समजतो. झाडाआड उभं राहून, गाडीची किल्ली काढून घेऊन, वडीलधाऱ्याला एकेरीत बोलून जी सक्ती होते तिनं हेल्मेट नव्हे, तिरस्कार डोक्यात बसतो. १८९७ साली पुण्यात रँडची प्लेगची सक्तीही कागदावर जीव वाचवण्यासाठीच होती. सोजिरांनी घराघरांत घुसून ती राबवली आणि २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झालं ते आपल्याला पाठ आहे. पण मग सक्ती म्हणजे रँडच, असं कोल्हापूरकरानं तरी म्हणू नये. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया. दसरा चौकातल्या पुतळ्याला हार घालताना या दंडाचा कुणी निषेध करत नाही. का करत नाही? कारण त्या कायद्यात दोन शब्द जोडीनं होते: सक्तीचं आणि मोफत. पोर पाठवणं रयतेवर बांधील, तर शाळा देणं दरबारावर. आपल्या हेल्मेटसक्तीत पहिला शब्द आहे, दुसरा नाही. इथं मात्र मी काकांच्या बाजूला जाऊन बसतो.

कारण हेल्मेट आपटण्याच्या क्षणापुरतं. त्यानंतर आत जे सुरू होतं त्याला हेल्मेट काही करू शकत नाही. फुटलेल्या, चेपलेल्या पेशींतून ग्लुटामेट सांडतं. एरवी ते निरोप पोचवणारं रसायन. जास्त झालं की शेजारच्या धडधाकट पेशींना मारक. त्यांच्यात कॅल्शियम घुसतं, आतलं ऊर्जेचं यंत्र बंद पडतं, पेशी पाणी धरते, सूज चढते. बंद डब्यात सूज चढली की रक्त आत शिरायला जागा उरत नाही, आणि रक्त नाही म्हणून आणखी पेशी मरतात. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला हा अवयव प्राणवायू मात्र वीस टक्के खातो. त्याला उपास सोसत नाही. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की डोक्याला जबर मार लागलेल्याचा वरचा रक्तदाब एकदा जरी नव्वदच्या खाली गेला तरी मृत्यूचं प्रमाण दुप्पट होतं. कुठं जातो हा रक्तदाब खाली? पुष्कळदा रस्त्यात, टेम्पोच्या हौद्यात, घडी घातलेल्या घोंगडीवर.

आणि एकदा सूज चढली की औषध काय? वर्षानुवर्षं जगभरचे डॉक्टर स्टेरॉइड देत आले. सूज उतरते, मग मेंदूचीही उतरेल, असा सरळ हिशेब. दहा हजार आठ रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २००४ साली आला: स्टेरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत २१.१ टक्के गेले, न दिलेल्यांत १७.९ टक्के. औषधच जीव घेत होतं. उलट २०१९ साली रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड या जुन्या, स्वस्त औषधाचा सौम्य आणि मध्यम दुखापतीत फायदा दिसला, तोही तीन तासांच्या आत दिलं तर, आणि जितक्या लवकर तितका जास्त. म्हणजे जे थोडं हातात आहे ते घड्याळाला बांधलेलं आहे.

हे फक्त गाडीवरून पडलेल्यांचं नाही. 'अंगावरून वारं गेलं' म्हणतो तेव्हा मेंदूत हीच साखळी चालू असते, फक्त सुरुवात धक्क्याऐवजी गुठळीनं होते. रक्तवाहिनी तुंबली की मधला भाग काही मिनिटांत मरतो, पण त्याच्या कडेचा भाग काही तास धुगधुगत असतो. या काळात मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं, आणि तेही आत रक्तस्राव नाही हे स्कॅनमध्ये बघूनच. हे साडेचार तास आपण कशात घालवतो? तेल लावण्यात, आणि लकव्याचं झाडपाल्याचं औषध कुठल्या गावात मिळतं ते विचारण्यात. त्याला, आणि पडलेल्याला, लागतात त्याच गोष्टी: तेच स्कॅनचं यंत्र, तोच रात्री जागा असलेला डॉक्टर, तीच रुग्णवाहिका. मग हेल्मेटच्या वादात अर्धांगवायूचा पेशंट का आणू नये?

हा धागा एका माणसानं फार पूर्वी जोडला होता. मे १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स हा अरबांच्या बंडात गाजलेला ब्रिटिश अधिकारी मोटारसायकलवरून पडला, सायकलवरच्या दोन पोरांना चुकवताना, आणि सहा दिवसांनी गेला. त्याला तपासायला आलेल्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा सर्जन होता. त्यानं पुढं मोटारसायकलस्वारांच्या डोक्यांचा पिच्छाच पुरवला. १९४१ साली त्यानं हेल्मेटवर लेख लिहिला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यानं निरोप नेणाऱ्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. पण केर्न्स तिथं थांबला नाही. महायुद्धात मेंदूच्या शस्त्रक्रियेची फिरती पथकं त्यानं आघाडीजवळ नेली, आणि ऑक्सफर्डमधल्या एका कॉलेजात डोक्याच्या जखमींसाठी वेगळं रुग्णालय उभं केलं. टोपी आणि टेबल, दोन्ही. सामान्य नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये हेल्मेटचा कायदा व्हायला मात्र १९७३ उजाडलं. केर्न्स जाऊन तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. मधली सगळी वर्षं 'डोकं माझं' या भाषणांत गेली.

तेव्हा मंडळाच्या पुढच्या बैठकीत विषय बदलावा असं मी सुचवलंय. चंदगडहून कोल्हापूर शंभरेक किलोमीटर. तिथं रात्री दोनला कुणी पडला तर पहिल्या दवाखान्यात त्याचा रक्तदाब आणि प्राणवायू कोण धरून ठेवणार? १०८ ची गाडी त्याला नेमकी कुठं नेणार, आणि तिथं त्या वेळी स्कॅन वाचायला आणि कवटी उघडायला माणूस आहे की नाही, हे गाडी निघायच्या आधी ड्रायव्हरला कोण सांगणार? पंचगंगेनं त्रेचाळीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि शिरोलीला हायवे पाण्याखाली गेला तर पलीकडच्यानं कुठं जायचं? पडलेल्याला उचलून नेणाऱ्याला पोलीस अडकवत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली ठरवून दिलंय आणि २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यातही आलंय. पेठेतल्या किती पोरांना माहीत आहे? आणि टेंगूळ आलेल्या प्रत्येक माणसाला चोवीस तास कुणीतरी मधून मधून उठवून नाव विचारावं, उलटी झाली, बोलणं जडावलं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली की तडक निघावं, एवढं दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर मराठीत का लिहून देत नाहीत?

काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मग मोर्चा काढूया की. सक्ती करतोस तर गाडी आणि डॉक्टर दे, म्हणून." मी म्हटलं, काढूया. दसरा चौकातनं कलेक्टर कचेरीपर्यंत. मी येतो. गाडीवरून येईन, त्यामुळं हातात हेल्मेट असेल. काकांनी विचारलं, केवढ्याला बसलं.